रोगण

मंगळवारी दुपारी मी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर असते.
परळला, खोली नंबर चौदात, एकतीस वर्षं काढली:
रोज दीडशे पाठी, काखा, मांड्या, टाळू.
आता निवृत्त. आता माझे रुग्ण सोनेरी चौकटीत बसतात,
त्यांना कपडे काढा म्हणावं लागत नाही
आणि पोरीच्या लग्नाआधी जाईल ना, असं ते विचारत नाहीत.

डच सावकार. नाक तांबडं, गालांवर शिरांची जाळी.
तिखट बंद, दारू बंद, उन्हात टोपी.
मोत्यांची बाई. डाव्या पापणीच्या कोपऱ्यात
हळदीचं बोट टेकल्यासारखा पिवळा उंचवटा;
हिचं कोलेस्टेरॉल कुणी मोजलं नाही,
गेली असेल एखाद्या जिन्यावर, धाप लागून.
शेजारचा सरदार मात्र गुळगुळीत. संशय येतो.
त्या काळी देवी कुणाला सोडत नसत.
चित्रकाराने पैसे घेऊन पुसल्या असणार.

एकदा चुकले.
मेरीच्या गळ्यावर फिकट गोल डाग, कडेला बारीक खवले.
शिबं, मी वहीत लिहिलं.
दुरुस्तीच्या खोलीतली खोर्शेद हसली:
"बुरशीच आहे, डॉक्टर. पण गळ्याला नाही, कॅनव्हासला.
समुद्र इथून दोन सिग्नल. भिंतीला घाम येतो."
निदान बरोबर, रुग्ण चुकीचा.
वर रोगणही पिवळं पडलंय, म्हणाली, काढावं लागेल.

रोगण.
बसमध्ये तो शब्द मी खूप वेळ चघळला.
झाकायला लावतात, आणि पोटात रोग घेऊन हिंडतो.

कोपऱ्यातलं मोठं चित्र मी मुद्दाम शेवटी ठेवते.
संत वाकून महारोग्याचे पाय धुतोय.
महारोगी खोटा आहे.
अंगभर लाल ठिपके शिंपडलेत, होळीत सापडल्यासारखा;
चित्रकाराने असा माणूस दुरूनच पाहिला, किंवा ऐकला.
पण बाजूला घंगाळ धरून उभा नोकर बघा.
करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं, सरळ न होणारं.
भुवयांची बाहेरची टोकं विरळ.
दिवसाच्या मजुरीवर कुणाला तरी उभं केलं असेल,
आणि जे दिसलं ते इमानाने रंगवलं,
काय रंगवतोय हे न कळता.

हे मी मोठ्याने बोलले असणार.
कारण खुर्चीवरचे पेडामकर उठून आले.
सहा वर्षं ते या दालनात आहेत,
तीन वर्षं मी त्यांच्यासमोरून जाते,
आणि गणवेशाच्या आत चेहरा आहे हे मी आज पाहिलं.

"आमची आई तांब्या असाच धरायची," म्हणाले.
"आम्ही समजायचो, कामानं. मसाला कांडायची.
गरम तवा नुसत्या हाताने उचलायची, बाई.
आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो."

मी काही बोलले नाही.
मग विचारलं, आहे का? म्हणाले, नाही, केव्हाच.
मग विचारलं, तुम्ही तिच्या ताटात जेवायचात?
हा माझा प्रश्न, एकतीस वर्षांचा, तोंडात बसलेला.
त्यांना वाटलं मी मायेने विचारलं.
"हो तर. धाकटा ना मी."

बाह्या वर करा, म्हटलं.
चित्रांना हात लावू नये, या पाटीखाली
त्यांनी दोन्ही हात पुढे केले,
त्या सावकारावर सोडलेल्या दिव्याच्या उजेडात.
घड्याळाच्या पट्ट्याखाली नायटा. वीस रुपयांचं मलम.
कोपराच्या आत एक फिकट चट्टा, अधेलीएवढा.
तो काहीही असू शकतो.

शालीचा धागा उपसला, टोक पिळून बारीक केलं.
डोळे मिटा. लागलं की सांगा.
मनगट.
"लागलं."
दंड.
"लागलं."
खालून बंद होण्याची घंटा वाजली,
शाळेची पोरं जिना दणाणत उतरली.
पेडामकरांनी डोळे उघडले नाहीत.
मी धागा चट्ट्यावर टेकवला
आणि थांबले.